दादा रिकामी गाडी चालवायला शिकला

दादा गेला हे ज्याला ज्याला कळवलं, त्या प्रत्येकाने आधी एकच विचारलं… "गाडीवर होते का?" विचारतानाच आवाजात अशी खात्री असायची, की मी उत्तर देण्याची गरजच नाही. वर्ध्याहून आलेल्या एका लांबच्या मामांनी तर चपला काढायच्या आधी अंगणातल्या त्या लाल गाडीकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "शेवटी हिनंच नेलं." मी आत रडत बसले होते. तशीच उठून बाहेर गेले आणि म्हटलं, मामा, जवळ जाऊन बघा, तिच्यावर एक ओरखडा दिसला तर मला दाखवा. दादा मेथीच्या वाफ्यात गेला. सकाळी जुड्या बांधायला बसला, छातीत कळ आली, वहिनीला हाक मारली आणि बसल्या जागी कलंडला. गाडी तेव्हा घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती आणि तिचा यात काडीचाही दोष नव्हता. माझा स्वभाव भांडखोर आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. या एका मुद्द्यावर मी अजून कुणाशीही भांडायला तयार आहे, कारण त्या गाडीनं माझ्या भावाला जेवढं हसवलं, तेवढं हसताना मी त्याला आयुष्यात दुसऱ्या कशानेही पाहिलेलं नाही.

आम्ही अल्लीपूरचे. वडिलांपासून भाजीपाल्याची शेती… वांगी, पालक, मेथी, आणि आमच्याकडे ज्याला सांभार म्हणतात ती कोथिंबीर. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले आणि लग्नानंतर सिंदी मेघेला स्थायिक झाले. दादा मळ्यात राहिला, आणि त्याच्यासोबत राहिली त्याची शंभर सीसीची मोटारसायकल. तिच्या दोन्ही बाजूंना पोती अडकवायला लोखंडी चौकटी ठोकलेल्या होत्या आणि मागच्या सीटवर कायम रबरी दोरी. पहाटे ती भाजी घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जायची. येताना रिकामी येईल असं समजू नका. येताना गुरांसाठी ढेप, खताची थैली, कुणाचं दळण, कुणाचा गॅसचा सिलिंडर. रिकामी गाडी पळवणं हा आमच्या घरात माजच समजला जायचा. मी कॉलेजात असताना दादानं मला गाडी शिकवली तीसुद्धा मागे कांद्याचं पोतं बांधून. "जाऊनच राह्यलो ना त्या बाजूनं, तं कांदे बी पोचते," म्हणाला. या सगळ्यात एकच माणूस मागे राहिलं, ते म्हणजे शोभावहिनी. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तिची सीट भाजीनं घेतली. तिला माहेरी जायचं तर एसटी, दवाखान्यात जायचं तर ऑटो. अगदीच बसायची वेळ आली तर दोन पोत्यांच्या मधे अंग चोरून, मांडीवर एखादी टोपली घेऊन. ती कधी कुरकुरली नाही, पण दादाच्या मनात ते कुठंतरी सलत असलं पाहिजे. मला ते फार उशिरा कळलं.

रविवारी सकाळी नागपूरची पोरं मोठाल्या गाड्या घेऊन हिंगणघाटच्या हायवेला नाश्त्याला येतात. दादा बाजारातून परतताना तिथं थांबायचा. चहा हे निमित्त. ढेपेचं पोतं लादलेली आपली गाडी बाजूला लावायची आणि त्या गाड्यांभोवती हात मागे बांधून हिंडायचं. पुढे वाकलेलं हँडल, टाकीवर झोपावं तशी बैठक, आणि चालू केल्यावर पोटात घुमणारा तो आवाज. पोरांनाही हा माणूस आवडायचा. एकानं बसवलं त्याला. घरी येऊन मला फोन… "नंदे, बसलो म्या! बाप्पा, काय सांगू तुले, नुसती उभी होती तं बी पळून राह्यली असं वाटे." पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि आवाज कसा, तर नवीन चपला मिळालेल्या पोरासारखा. पुढे त्याच्या लेकीचं लग्न झालं, मुलगा संदीप नागपूरला नोकरीला लागला, विहिरीनं साथ दिली, आणि एक दिवस दादा म्हणाला, चाल माह्यासंगं नागपूरले, वहिनीले सांगजो नको.

शोरूममध्ये दादा गळ्यात शेतकरी टाकतात तसा दुपट्टा टाकून उभा. तिथला तरुण फार अदबीनं म्हणाला, "काका, मुलाला घेऊन आला असता तर बरं झालं असतं, उंचीप्रमाणे बघता आलं असतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच शांतपणे म्हणाला, "पोराले पायजे असती तं पोरगा आला असता. मले पायजे." मग त्यानं चारशे सीसीच्या एका लाल गाडीभोवती फेरी मारली. इंजिन नाही पाहिलं, चाकं नाही पाहिली. मागची सीट हातानं दाबून पाहिली. पालथ्या हाताएवढी ती सीट, आणि तीही कुठं वर, आभाळात. "इथं बाईमाणूस बसीन काय नीट?" त्या तरुणाने सांगितलं की या गाड्यांवर मागे सहसा कुणी बसत नाही. "आमच्याइथं बसन," दादा म्हणाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही गाडी कुणासाठी घेतली जातेय.

गाडी संदीपनं चालवत घरी आणली, आम्ही दोघं मागून बसनं. वहिनी आधी दाराशी थबकली, मग मुकाट्यानं आत गेली, ताट घेऊन आली. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारपाजारचे सगळे जमलेले. दादानं हसत हसत मागच्या सीटवर थाप मारली. "बस. पैली चक्कर तुही." वहिनीनं एकदा त्या सीटकडे पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओवाळलं म्या. पण हिच्यावर बसणार नाई. जीव गेला तरी नाई." लोक हसले, दादाही हसला. पण मी त्याच्याकडेच पाहत होते. हार सरळ करायचं निमित्त करून तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

आता खरी मजा. गाडी घेतली खरी, पण दादाला ती चालवता येईना! आयुष्यभर क्विंटलभर ओझं ओढायची सवय. ओझ्याची गाडी जाग्यावरून हलवायची तर मूठ पूर्ण पिळावी लागते आणि अंग पुढे टाकीवर टाकावं लागतं. दादाच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यावर त्यानं गाडी चालू केली, क्लच सोडला आणि सवयीनं मूठ पिळली ती पार शेवटपर्यंत. पुढचं चाक उचललं! ती गाडी हरणासारखी उसळली, बांध ओलांडून गेली, आणि दादा नुकतंच पाणी दिलेल्या पालकाच्या वाफ्यात बसलेला. गाडी आडवी, ती चिखलात, म्हणून वाचली. मी किंचाळत धावले. दादा कोपरापर्यंत चिखलात, कानात पालक, आणि खदाखदा हसतोय. "नंदे, पाह्यलं काय? उडली ना वो! शंभर सीसीचीनं असं कधी केलं माह्यासंगं?" वहिनी बांधावर उभी राहून म्हणाली, "उद्याची पालक पुरी वाया," आणि वळून गेली, पण जाताना पदर तोंडाला लावलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दादानं यावर काढलेला उपाय फक्त भाजीवालाच काढू जाणे. मागच्या सीटवर पोतं बांधलं. पोत्यात कोहळी. चांगली टणक, पिकलेली, भाजीची लाल कोहळी, म्हणजे लाल भोपळे! म्हणे, मागं वजन नसलं का मले गाडी कळतच नाई, कुठी हाय कुठी नाई. अन् ती लाखमोलाची, नागपूरच्या पोरांनी वळून पाहावी अशी गाडी, मागे कोहळ्याचं पोतं घेऊन अल्लीपूरच्या बाजारचौकातून डौलात निघाली. लोक पोट धरधरून हसले. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काका, कोहळ्याले हेल्मेट नाई काय?" दादानं हात वर करून नमस्कार केला. मला संदीपनं फोटो पाठवला तेव्हा मी शाळेत होते, वर्गातून बाहेर जाऊन हसावं लागलं मला.

पण कोहळी बांधून आयुष्य काढता येत नाही, तेही एवढ्या गाडीवर. मी दर रविवारी जायला लागले. मी रोज रिकाम्या स्कूटरवर शाळेत जाणारी बाई, रिकामं चालवणं एवढंच काय ते मला त्याच्यापेक्षा जास्त येत होतं. "दादा, मागे काही नाही. काही ओढायचं नाही तुला. अंडं धरल्यासारखी मूठ धर." त्याच्या तोंडावर घाम. त्यातून गिअर उलटे. त्याच्या जुन्या गाडीला सगळे गिअर खाली दाबून पडायचे. हिला पहिला खाली आणि बाकीचे पंजानं वर उचलायचे. रंगात आला की सवयीनं खाली दाबायचा, गाडी हिसका द्यायची, मी बाजूनं स्कूटरवरून शिव्या घालायचे. एकेक रविवार एकेक कोहळं कमी केलं. हो, खरंच. पोतं हलकं होत गेलं, आणि शेवटी एका सकाळी दादानं रबरी दोरी सोडून खिशात घातली.

ती सकाळ मी विसरणार नाही. हिंगणघाटचा रस्ता मोकळा, दोन्हीकडे कपाशी, हवेत बारीक गारवा. दादानं मूठ हळू, अगदी हळू पिळली. पहिला… दुसरा… पंजा वर, तिसरा… आणि गाडी निघाली. आवाज आधी खर्जात, मग चढत चढत गेला. लाल ठिपका वळणापाशी गेला, वळणात सहज झुकला, उठला, गेला! मी रस्त्याच्या कडेला एकटीच टाळ्या वाजवत उभी. परत आला तेव्हा हेल्मेट काढलं, डोळ्यांत पाणी. म्हणाला वाऱ्यानं आलं. काच तर बंद होती. "नंदे, हात हलके झाले माहे. एवढे हलके कधीच नव्हते वो. मले वाटलं काही इसरलो, काही पडलं मागं…" मग मला म्हणाला, बस आता तू. मी बसले. मास्तरीणबाई, पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. तिसऱ्या गिअरला ती गाडी पुढे झेपावली तेव्हा मी मोठ्यानं ओरडले, घाबरून नव्हे, आनंदानं. कानात वारा, आणि सगळं रान दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय. त्या दिवसापासून आम्ही भाऊबहीण आळीपाळीनं चालवायचो, आणि चहा पिताना लहान पोरांसारखे भांडायचो की वळणात कोण जास्त झुकलं.

एवढं सगळं झालं, पण मागची सीट रिकामीच. कोहळी उतरली आणि ती जागा तशीच राहिली. दर रविवारी निघताना दादा दाराशी गाडी थांबवून विचारायचा, "येतं काय?" वहिनी आतून ओरडायची, "जा ना बावा, भाकरी करून राह्यली मी." कधी म्हणायची लाज वाटते, कधी म्हणायची चक्कर येते, कधी नुसतंच हो हो करून मागच्या दारानं गोठ्यात निघून जायची. दादा मला म्हणाला, तिले माह्यावर भरोसा नाई. पालकात पडलो ना तिच्यापुढं. आणि हे बोलताना त्याचा चेहरा पार उतरलेला. साऱ्या गावाची वाहवा मिळवून या माणसाला फक्त त्या एका सीटवर एक माणूस बसलेलं हवं होतं.

मग एका दुपारी फोन आला. शाळेची मधली सुट्टी होती. दादाला धड बोलता येत नव्हतं. "नंदे… तिले बसाचं हाय! अवो, तिले बसाचं हाय!" मी म्हटलं नीट सांग. शेतातून तो जरा लवकर घरी आला होता. अंगणात कुणी नव्हतं. वहिनी गाडीपाशी उभी. एका हातानं सीट धरलेली, दुसऱ्या हातानं साडी सावरत पाय वर टाकायचा प्रयत्न चाललेला. एकदा, परत एकदा. पाय अर्ध्यात अडकायचा, गुडघा धरून ती उभी राहायची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात हे घरात माहीत होतं. पण एवढ्या उंच सीटवर पाय पोचत नाही, आणि हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दादा पावलांचा आवाज न करता गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. "म्या पाह्यलं हे तिले सांगजो नको. मरून जाईन ती लाजेनं. मी करतो बरोबर." आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा, "बसाचं हाय वो तिले!"

दादानं केलं काय, तर ओटा बांधला. अंगणात, गाडी लावतो त्याच्या शेजारी, विटा-सिमेंटचा, दोन पायऱ्यांचा. गवंडी लावला नाही, स्वतः बसून बांधला. गाडीच्या पावदानापासून दोरीनं उंची घेतली. वहिनीला सांगितलं, भाजीचे कॅरेट ठेवाले होईन, खाली वाकाचं काम नाई. पायऱ्यांच्या कडा थापीनं गोल केल्या, पायाला बोचू नयेत म्हणून. मला म्हणाला रविवारी येजो, तोपर्यंत पक्का होते, मंग पाहू कशी नाई म्हणते. त्याचा आवाज ऐकून मीसुद्धा वर्गात दिवसभर हसत होते. रविवार उजाडायच्या आधीच संदीपचा फोन आला.

त्या दिवसातलं मला फार काही आठवत नाही. एवढं आठवतं की दादाला नेलं, बायका घरात बसल्या, आणि वहिनी कुठं दिसेना. मी शोधत अंगणात आले. ती कळशीनं ओट्यावर पाणी टाकत होती. सावकाश, एकेका पायरीवर, कोपरे भिजतील असं. आमची एक काकू बाहेर येऊन म्हणाली, "शोभे, काय करून राह्यली वो? आता काय त्या ओट्याचं?" वहिनीनं वर पाहिलं नाही. "पाणी तोडलं का तडा जाते," म्हणाली, आणि दुसरी कळशी भरायला गेली. सुतकात, पाहुण्यांच्या गर्दीत, कधी रडत, कधी न रडता, ती रोज सकाळ-संध्याकाळ पाणी टाकत राहिली. तो ओटा कशासाठी आहे हे तिला सांगावं की नाही, याच विचारात मी होते. दादानं सांगू नको म्हटलं होतं, आणि आता तो शब्द मोडायला मला परवानगी देणारं कुणी उरलं नव्हतं.

तेरवी झाली आणि गाडीचा विषय निघाला. संदीप म्हणाला, आई, उभी राहून खराब होईल, गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू. त्याचं चुकलं नव्हतं. त्याला ती नजरेसमोर नको होती. सगळे वहिनीकडे पाहायला लागले. ती भाजी निवडत होती. "मले एकडाव बसू द्या," म्हणाली, "मंग पाहू." कुणाला काही कळेना. मग ती माझ्याकडे वळली. "नंदा, तुले येते ना चालवता?" मी म्हटलं, "येतं. पण वहिनी, तो ओटा दादानं…" तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मले काय खुळी समजता काय तुम्ही दोघं भाऊबहीण? कॅरेट ठेवाले ओटा बांधला म्हणे. पायऱ्या कोणाले लागते, वांग्याले?" आणि ती हसली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून वेड्यासारख्या रडलो आणि हसलो.

मागच्या रविवारी गेले. वहिनी तयार होऊन बसली होती. लेकीचा जुना पंजाबी ड्रेस, त्यावर शेतात जाताना घालते तो दादाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल घट्ट बांधून त्यावर दादाचं हेल्मेट. शेजारच्या बायका फाटकाशी आल्या, कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. वहिनीनं हेल्मेटची काच वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि पुन्हा खाली केली. मी गाडी ओट्याला लावली. ती पहिली पायरी चढली, दुसरी चढली. पावदान बरोबर तिच्या पावलाशी आलेलं. भावानं माप इंचभरही चुकवलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिनं पाय पलीकडे टाकला, आणि बसली. गुडघ्याला काही झालं नाही. तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता, जोरजोरात.

गावाबाहेर पडेपर्यंत मी गाडी रांगवत नेली. मग मोकळा रस्ता आला. दुसरा, तिसरा… वहिनीनं मला कमरेला असं आवळलं की दम घुसमटला. मी मूठ सोडणार, तोच कानाशी आवाज आला, "काऊन कमी करून राह्यली? जाऊ दे ना!" मग मी जाऊ दिली. कपाशीची शेतं, टेकडी, वळण, त्या वळणात आम्ही दोघी एकदम झुकलो, आणि मागून वहिनी ओरडली. शब्द नव्हते, नुसती आरोळी, लांबलचक, मोकळी. हिंगणघाटच्या अलीकडून आम्ही वळलो आणि परत अल्लीपुरात शिरलो. अंगणात संदीप उभा होता. मी गाडी हळूच ओट्याला टेकवली, पाय खाली लावला आणि तिनं उतरायची वाट पाहू लागले. ती उतरेना. मला वाटलं गुडघा आखडला. मान वळवून विचारलं, "वहिनी, हात देऊ?"

हेल्मेटच्या आतून आवाज आला, "नाई. घे फिरवून."